ताप, बरळणं आणि झटके: कॅज्युअल्टीत मेंदूज्वर ओळखताना

धानाची रोवणी आटोपून बांध्यांमध्ये पाणी उभं राहिलं की तिथून जवळजवळ दिवाळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या ग्रामीण रुग्णालयांत एक तक्रार वारंवार कानावर येते. "ताप होता जी, आता पोरगं वळखूनच नाही राहिलं." कधी सोबत झटके असतात, कधी ओकाऱ्या, कधी रात्रभर बरळणं. नातेवाईक म्हणतात, ताप डोक्यात गेला. कागदावरची व्याख्याही जवळपास तेच सांगते. वय कोणतंही असो, महिना कोणताही असो, अचानक आलेला ताप आणि त्यासोबत शुद्धीत बदल किंवा नव्याने सुरू झालेले झटके, म्हणजे तीव्र मेंदूज्वर. रजिस्टरला त्याची नोंद एईएस, म्हणजे अक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम, म्हणून होते.

हे एका आजाराचं नाव नाही. यात मेंदूचा मलेरिया येतो, जपानी मेंदूज्वर येतो, डेंग्यू आणि चिकुनगुन्याने मेंदूवर केलेला परिणाम येतो. डासाशी संबंध नसलेले चंडिपुरा विषाणू, स्क्रब टायफस, जिवाणूंचा मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणांना आलेली सूज), हर्पिस हेही त्यातच. एमआरआय आमच्याकडे नसतो, विषाणूची तपासणी तालुक्याला होत नाही. हाताशी ग्लुकोमीटर, मलेरियाचं कार्ड (थेंबभर रक्तावरची झटपट चाचणी), सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघायची काचपट्टी आणि जमलंच तर पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. त्यामुळे कोणता डास चावला हे शोधत न बसता, ज्याला औषध आहे ते आधी धरायचं आणि नाव नंतर कळू द्यायचं, असा आमचा क्रम आहे.

पहिली गोष्ट साखर. श्वासनलिका मोकळी आहे का, ऑक्सिजन लावायचा का, हे बघता बघताच बोटाला टोचून साखर मोजायची. मलेरियाने, उपाशी राहण्याने, ओकाऱ्यांनी मुलांची साखर पटकन उतरते आणि साखर उतरलेलं मूल हुबेहूब मेंदूज्वरासारखं दिसतं. ५४ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर मुलाला १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला ५ मिली शिरेतून. वॉर्डात बहुधा २५ टक्क्यांचंच असतं. मग १० मिली घेऊन त्यात १५ मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की १० टक्क्यांचं २५ मिली तयार. मोठ्या माणसाला २५ टक्के १०० मिली चालतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मलेरियावरचं क्विनीन चालू असेल तर दर चार तासांनी, कारण ते औषधच साखर पाडतं. साखर वर येऊनही शुद्ध आली नाही तर मेंदूज्वराचा विचार तसाच पुढे चालू.

मग झटके. लोराझेपाम किलोला ०.१ मिग्रॅ शिरेतून, एका वेळी ४ मिग्रॅपेक्षा जास्त नाही. ते फ्रिजात ठेवावं लागतं आणि आपल्याकडची वीज सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ट्रेमध्ये मिडाझोलाम असलेलं बरं. शीर सापडेपर्यंत थांबायचं नाही, किलोला ०.२ मिग्रॅ मांडीत द्यायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर पुन्हा एकदा, आणि नंतर फेनिटोइन किलोला २० मिग्रॅ, फक्त नॉर्मल सलाईनमधून, वीस मिनिटांपेक्षा भरभर नाही. डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की बाटलीतच कण धरतात. घाईत हे हमखास होतं, कारण साखरेची बाटली आधीपासून लावलेली असते.

झटका थांबला असं सगळ्यांनी मानल्यावर टॉर्च घ्यायचा आणि मिनिटभर चेहऱ्याकडे बघत राहायचं. एक पापणी बारीक फडफडते. ओठाचा एक कोपरा ठरावीक तालात ओढला जातो. हाताचा अंगठा चादरीवर हलत राहतो, डोळे एकाच बाजूला खिळलेले, नाडी उगाच वाढते आणि उतरते. मूल शांत झोपलेलं नसतं, झटका आतून चालूच असतो. जपानी मेंदूज्वरात आणि मेंदूच्या मलेरियात हे बरंच आढळतं. शुद्ध का येत नाही याचं उत्तर पुष्कळदा त्या अंगठ्यात असतं.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला तापात एकदाच, अंगभर, पंधरा मिनिटांच्या आतला झटका आला आणि तासाभरात ते पूर्ण भानावर आलं तर तो साधा तापाचा झटका. आई ओळखते का, पाजायला घेतलं तर धरते का, हे बघायचं. तास उलटूनही मूल झोपाळलेलं असेल तर "झटक्यानंतरची झोप आहे" म्हणून सोडून देऊ नये.

एवढं झालं की एक प्रश्न, आणि तो नीट विचारायचा: पहिला ताप कोणत्या दिवशी आला? सगळ्या तपासण्यांचा अर्थ या तारखेवर ठरतो. "चारपाच रोज झाले" या उत्तरावर समाधान मानायचं नाही. बाजाराचा दिवस होता का, पोळ्याच्या आधी की नंतर, शाळेत गेला होता का, असं करत तारीख काढायची आणि केसपेपरच्या डोक्यावर ठळक लिहायची. डेंग्यूचं एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगाचं, आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) त्यानंतर. जपानी मेंदूज्वराचं आयजीएम पहिल्या तीनचार दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतं. तारीख नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

सोबत आणखी काही विचारायचं. गेल्या दोनतीन आठवड्यांत जंगलात मुक्काम झाला का, तेंदू किंवा बांबूच्या कामाला कोणी गेलं होतं का, गावात आणखी कोणाला ताप आहे का, घराजवळ डुकरं आहेत का, आशाताईंनी गोळ्या दिल्या का आणि किती खाल्ल्या, लसीचं कार्ड आहे का. पुजाऱ्याकडे किंवा मांत्रिकाकडे नेलं होतं का, हेही विचारायचं, पण आवाजात ठपका न आणता. तिकडे गेलेले तास कळले तर आजाराचा वेग कळतो. रागावून विचारलं की लोक तो वेळ लपवतात आणि तारीख चुकते.

मलेरियाच्या कार्डाला पंधरावीस मिनिटं लागतात, म्हणून रक्त पहिल्याच टोचणीत घ्यायचं. साखरेसाठी टोचलेल्या बोटातूनच कार्डाला ५ मायक्रोलिटर आणि काचपट्टीवर जाड व पातळ असे दोन्ही थर. बफरचे थेंब पाकिटावर लिहिलेत तेवढेच. कमी पडले तर पट्टी लालसर राहते आणि फिकी रेघ दिसत नाही, आणि अर्ध्या तासानंतर उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. कार्डं उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत पडून असतील तर तीही खात्रीची नाहीत.

आता या कामातली सगळ्यात मोठी फसगत. गडचिरोलीच्या एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या भागांत रक्तात फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी असूनही धडधाकट हिंडणारी माणसं असतात. शिवाय कार्ड ज्या प्रथिनावर पॉझिटिव्ह येतं ते उपचारानंतरही दोनचार आठवडे रक्तात टिकतं. म्हणजे बेशुद्ध मुलाचं कार्ड पॉझिटिव्ह आलं म्हणून बेशुद्धी मलेरियामुळेच आहे असं सिद्ध होत नाही. मलेरियाचं औषध लगेच सुरू करायचं, त्यात वाद नाही, पण मेनिन्जायटिसचं औषधही सोबत चालू ठेवायचं आणि पाठीतल्या पाण्याचा विचार सोडायचा नाही. उलट बाजूही तितकीच खरी. परजीवी फार जास्त असतील तर कधीकधी कार्ड चुकून निगेटिव्ह येतं, आणि अर्धवट गोळ्या खाल्लेल्याच्या काचपट्टीत काही दिसत नाही. अशा वेळी सहा ते बारा तासांनी पुन्हा काचपट्टी, दोन दिवसांत किमान तीन वेळा. "कार्ड निगेटिव्ह, मलेरिया नाही" हे वाक्य पहिल्या रात्री कोणी लिहू नये.

मलेरियाकडे झुकवणारी चिन्हं कार्डाबाहेरही असतात: पांढरीफटक पडलेली जीभ आणि तळवे, हाताला लागणारी प्लीहा, काळपट लघवी, कावीळ, आणि छातीत काही नसताना खोल, भरभर चाललेला श्वास. हा श्वास रक्तात आम्ल वाढल्याचा असतो आणि न्यूमोनिया समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. डोळ्याचा पडदा बघता येत असेल तर त्यावरचे पांढरट डाग आणि मधोमध पांढरे असलेले रक्तस्राव मेंदूच्या मलेरियाला बळकटी देतात.

मलेरियाचं औषध म्हणजे आर्टेसुनेट, त्याची ६० मिग्रॅची कुपी दोन टप्प्यांत विरघळते. सोबतचं १ मिली सोडियम बायकार्बोनेट आत सोडून हलवायचं, पाणी स्वच्छ पारदर्शक होईपर्यंत. मग शिरेतून द्यायचं असेल तर ५ मिली सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. मांडीत द्यायचं असेल तर २ मिलीच, म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. गढूळ राहिलं तर फेकायचं. बायकार्बोनेटची छोटी कुपी हरवली म्हणून डिस्टिल्ड वॉटरने विरघळवायचं नाही. मात्रा २० किलोच्या आतल्या मुलाला किलोला ३ मिग्रॅ, त्यावर २.४ मिग्रॅ. पंधरा किलोच्या मुलाला ४५ मिग्रॅ, म्हणजे साडेचार मिली. पन्नास किलोच्या माणसाला १२० मिग्रॅ, दोन कुप्या. पुढचे डोस १२ आणि २४ तासांनी, मग रोज एक. उरलेलं औषध बारा तासांनंतरच्या डोससाठी ठेवायची काटकसर नको, ते तासाभरातच वापरायचं असतं. गरोदर बाईलाही हेच द्यायचं, कोणत्याही महिन्यात. स्टेरॉइड मेंदूच्या मलेरियात बेशुद्धी लांबवतं, मॅनिटॉलचाही फायदा दिसलेला नाही.

मेनिन्जायटिससाठी सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक पहिल्या तासात, मुलाला दिवसाला किलोमागे १०० मिग्रॅ, मोठ्याला दर बारा तासांनी २ ग्रॅम. कल्चरचं (जंतू वाढवून ओळखण्याचं) रक्त आधी काढता आलं तर उत्तम. ज्या नळीतून रिंगर लॅक्टेट चालू आहे तिच्यातून ते जाऊ देऊ नये, कॅल्शियमशी साका बनतो. अंगावर, विशेषतः काखेत, जांघेत, कमरेच्या दोऱ्याखाली, कानामागे काळी खपली शोधायची. तिथे पेटवलेल्या विडीने डागल्यासारखा डाग दिसला की स्क्रब टायफस समजून डॉक्सिसायक्लिन. तो चिगर या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो, डासामुळे नाही, पण पावसाळ्यानंतर याच खाटांवर तेही रुग्ण असतात.

जपानी मेंदूज्वराला विषाणूविरुद्ध औषध नाही. क्युलेक्स डास धानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत फिरतो, आणि माणूस त्याच्या वाटेत मध्येच सापडतो. माणसाकडून पुढे डासाला तो जात नाही, म्हणून वॉर्डात शेजारच्या खाटेची भीती नसते. शेकडो संसर्गांमागे एखादाच असा गंभीर होतो, पण झालेल्यांतले २० ते ३० टक्के दगावतात आणि वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांना कायमचं काही ना काही राहून जातं. ओळखायला मदत करणारं चिन्ह म्हणजे चेहरा. भाव नसलेला, लाकडासारखा चेहरा, थरथर, हातापायाचा लाकडीपणा किंवा विचित्र पीळ. कधी एखादा पाय पोलिओसारखा लुळा पडतो. लस घेतलेली असली तरी हा आजार यादीतून काढायचा नाही.

चंडिपुरा वेगळा ओळखू येतो तो वेगाने. १९६५ साली नागपूरच्या चंडिपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला आणि तेच नाव पडलं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली, २००७ मध्ये नागपूर विभागात साथ आली. सकाळी खेळणारं मूल, दुपारी कडक ताप, संध्याकाळी ओकारी, जुलाब, झटके, आणि दुसऱ्या दिवशी हाताबाहेर. हे जून ते ऑगस्टमध्ये, पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांत. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा लहान, मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी. इतक्या वेगात आयजीएम तयार व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून रक्त आणि पाठीतलं पाणी आरटीपीसीआरसाठी पहिल्याच तासांत गोळा करावं लागतं.

डेंग्यूत आधी नाडी, रक्तदाब आणि हातपायांचा गारठा बघायचा. शॉकमुळे, सोडियम उतरल्याने, यकृत बिघडल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही शुद्ध जाते, दर वेळी विषाणू मेंदूत शिरलेलाच असतो असं नाही. चिकुनगुन्या सहसा म्हाताऱ्यांच्या आणि नवजात बाळांच्या मेंदूला धरतो. आईला बाळंतपणाच्या आसपास ताप आणि सांधेदुखी होती का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

विदर्भात मेंदूज्वरासारखी दिसणारी सोंगं बरीच. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत यवतमाळकडून आलेला माणूस बरळत असेल तर बाहुल्या आणि लाळ बघा. टाचणीएवढ्या बाहुल्या, घाम, संथ नाडी म्हणजे कीटकनाशक. पण दुसरीकडून अॅट्रोपिन घेऊन आला असेल तर चित्र उलटं होतं: मोठ्या बाहुल्या, कोरडं गरम अंग, बडबड. म्हणून आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. मण्यार चावलेला माणूस पापण्या पडल्यामुळे बेशुद्ध वाटतो, पण त्याला ताप नसतो आणि पापणी वर करून धरली तर तो बघत असतो. मे महिन्यातला उष्माघात, सिकलसेलच्या रुग्णातला पक्षाघात, हेही लक्षात ठेवायचं. आणि "दारू प्याला आहे" हा शेरा. मोहाची घेतलेली असली तरी ताप असलेल्या माणसाचं कार्ड आणि साखर व्हायलाच हवी.

पाठीतलं पाणी काढण्याला गावात फार भीती आहे. सुईमुळे माणूस लंगडा होतो असं सांगितलं जातं. पाठीचा कणा बोटाने दाखवून, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते हे समजावलं तर बहुतेक घरचे तयार होतात. पण आपणही काही वेळा थांबायचं असतं: शुद्धी झपाट्याने उतरत असेल, दोन बाहुल्या सारख्या नसतील, एका बाजूची ताकद गेली असेल, शॉक असेल, प्लेटलेट्स ५० हजारांखाली असतील. पाणी नंतर काढता येतं, औषध मात्र त्यासाठी अडवायचं नाही.

काढताना त्याच वेळची रक्तातली साखर लिहून ठेवायची. पाण्यातली साखर तिच्या ४० टक्क्यांखाली आणि पेशी शेकड्यांनी, हजारांनी, त्यातही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, तर जिवाणू. साखर नीट, पेशी दहापासून काही शेपर्यंत, बहुतांश लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, तर विषाणूकडे कल. मात्र पहिल्या दिवशी विषाणूतही न्यूट्रोफिल दिसतात. पाणी जवळपास स्वच्छ आणि कार्ड पॉझिटिव्ह, तर मलेरियाचा दावा बळकट. पेशी तासाभरात मोजायच्या, नाहीतर त्या फुटत जातात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. कल्चरची बाटली फ्रिजात ठेवायची नाही, जंतू मरतात. विषाणूच्या तपासणीची १ मिलीची बाटली मात्र २ ते ८ अंशांतच, आइसपॅकसह. दोन्ही एकाच डब्यात घालून देणं ही नेहमीची गडबड. रक्ताचंही तसंच: सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) वेगळं न करता सगळं रक्त गोठवलं तर ते फुटून निकामी होतं.

सेंटिनेल (विषाणूच्या तपासणीसाठी ठरवलेल्या) प्रयोगशाळेच्या फॉर्मवर तापाची पहिली तारीख, नमुन्याची तारीख आणि जपानी मेंदूज्वराच्या लसीची तारीख हे तीन रकाने रिकामे ठेवू नयेत. गेल्या सहा महिन्यांत लस झाली असेल तर रक्तातलं आयजीएम लसीचंही असू शकतं, पाठीतल्या पाण्यातलं अधिक भरवशाचं. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वराची आयजीएम एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्ही सोबत मागवायची. कळवायचं जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना, आणि रिपोर्टची वाट न बघता. गावात ताप सर्वेक्षण त्याच फोनवर सुरू होतं.

पुढे पाठवायचं असेल तर भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आहे का इथपासून विचार करावा लागतो. गाडी कधी पोचेल याची शाश्वती नसते, म्हणून आर्टेसुनेट आणि सेफ्ट्रायॅक्सोनचा पहिला डोस इथेच. १०८ मध्ये मूल कुशीवर, मान सरळ, डोकं ३० अंश वर, नाकातून नळी घालून पोट रिकामं केलेलं. सलाईन म्हणून नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज नको, त्याने मेंदूची सूज वाढते. चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे मिग्रॅ आणि वेळ, दुसरा डोस किती वाजता, निघतानाची शुद्धी, आणि कोणते नमुने कुठे गेले. "इंजेक्शन दिलं" एवढ्यावर पुढचा डॉक्टर काही ठरवू शकत नाही.

बरा होऊन घरी निघालेल्या माणसाची दोन कामं उरतात. पहिल्या आठवड्यात काढलेलं सीरम निगेटिव्ह असेल तर तापाच्या दहाव्या दिवसानंतर किंवा सुटीच्या दिवशी दुसरं रक्त. हे नेमकं विसरलं जातं, कारण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. म्हणून सिस्टर डिस्चार्ज कार्ड देण्याआधी रक्त काढतात. आणि आर्टेसुनेट घेतलेल्याचं हिमोग्लोबिन ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कारण आठवडा उलटल्यावरही लाल पेशी फुटू शकतात. या तीन तारखा कार्डावर लिहून आशाताईंना फोनवर कळवलेल्या असतात. लघवी काळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट न बघता परत यायचं, हे रुग्णाला सांगून त्याच्याकडूनच एकदा वदवून घ्यायचं.